नाक्यावर दाखवलेला टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. निळा, काठाला पांढरी पट्टी. सांगवीच्या इंद्रजितनं मला बारामतीत घेतलं, समुद्रावर न्यायला. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. तो वाकून आत आला, चार टॉवेल चेहऱ्याला लावून पाहिले आणि मला निवडलं.

कोरोनाची दुसरी लाट होती. कारखान्याचा पट्टा पडला होता, उसाचा हंगाम संपला होता. पाच महिने ट्रॅक्टरनं ऊस ओढून इंद्रजितचं अंग खिळखिळं झालं होतं. तिशी गाठली तरी त्यानं समुद्र पाहिला नव्हता. दापोलीकडं मित्राचं घर रिकामं होतं. आई ताईबाई नको म्हणत होती. बायको रेश्मा पिशवी भरत होती. धाकटा भाऊ सुमित तर एका पायावर तयार. शेवटी चौघंही गाडीत बसले.

नीरेच्या पुलाजवळ नाका लागला. जिल्हा ओलांडायला पास हवा होता, तो नव्हता. कुठं निघालाय, पोलिसानं विचारलं. इंद्रजित चाचरला. तेवढ्यात सुमितनं मला पिशवीतून ओढलं आणि घडीसकट खिडकीबाहेर धरलं.

"साहेब, भाऊ वारलाय. दुखवटा घेऊन निघालोय."

आमच्याकडं मयताच्या घरी टॉवेल-टोपी नेतात, तो दुखवटा. पोलीसही इकडचाच. त्यानं मला पाहिलं, मान खाली घातली, वाट मोकळी केली.

पुढं गेल्यावर इंद्रजित म्हणाला, "मला मारलंस व्हय रं? आरं, एखादा लांबचा चुलता तरी मारायचास." हसता हसता त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. आई तेवढी हसली नाही.

मग ते दोन दिवस. अजून मी त्यांच्यावरच जगतोय. इंद्रजित लाटेत बसायचा, नाकातोंडात पाणी गेलं की खोकायचा आणि पुन्हा बसायचा. बाहेर आला की मला डोक्यावर घेऊन वाळूत रेश्माशेजारी नुसता बघत राहायचा. त्याच्या केसांची ओल मला अजून आठवते.

परतल्यावर चौथ्या दिवशी ताप. बाराव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. घरच्यांना तोंडही पाहू दिलं नाही. गाव बंद होतं. दुखवट्याला एक माणूस आलं नाही, एक टॉवेल आला नाही.

सुमितला वाटतं, त्यानंच तोंडानं मारलं. अर्ध्या जेवणातून उठतो. मला दोरीवरून कुणाला काढू देत नाही, स्वतः हातही लावत नाही.

एकदा तो रेश्माला म्हणालाच, "वहिनी, मीच म्हनलो व्हतो."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता बोलली, "भावजी, तुमच्या बोलन्यानं मानूस जात आसंल, तर बोलन्यानं येईल बी. बोलवा की."

तो खरंच उठला. बांधावर जाऊन "दादा" अशी हाक मारली. तीनदा. उसातली पाखरं उडाली. परत येऊन उंबऱ्यात बसला.

"येत न्हाय," म्हणाला.

"मग," रेश्मा म्हणाली. ती बांधाकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

वर्ष होत आलं. उन्हानं मी विटलोय, अंग ताठ झालंय. सुमित, बाळा, नाक्यावर तू म्हणालास म्हणून मी दुखवट्याचा झालो नाही. मी अंग पुसायचा टॉवेल आहे. जा, आंघोळ करून ये. मला घे.