घोंगड्याखालचा अंगठा

जळकोटला हायवेच्या कडेला टायरचं दुकान आहे. त्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुरुवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पुढं, गडी मागं आणि समोर भिंतीवर दाराएवढा रुंद टीव्ही. टीव्हीत काळंभोर आकाश, त्यात एक लालसर गोळा आणि गोळ्याखाली आकडा: बारा लाख. खाली पाटावर ग्रहबाबा बसलेले, अंगावर जाड घोंगडं. एप्रिलच्या उकाड्यात पत्र्याखाली माणसं घामानं निथळत होती, पण बाबांना घोंगडं कशाला लागतं हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चमत्कार बघायला आलेला माणूस नको ते प्रश्न घरीच ठेवून येतो.

बाबांचं खरं नाव महांतप्पा. पूर्वी याच हायवेवर मोबाइलची कव्हरं विकायचे.

"कॉलेजची पोरं म्हणत्यात, बाबा, हा तर गेम हाय!" बाबांनी सुरुवात केली. "व्हय, गेमच हाय! देव दगडात येतो, मग टीव्हीत यायला त्याला कुणाची परवानगी लागती? हा बघा शनी. ह्येच्यावर आमी फौज घालतो. शनी हरला की पेशंटची पीडा हरली!"

"गेम मीपण खेळतो," मागून उत्कर्ष नावाचा कॉलेजचा पोरगा शेजाऱ्याला म्हणाला. "पण ग्रह जिंकल्यावर माणसांचा आकडा असा कसा वाढतो, त्ये मला अजून कळालं न्हाय. कायतरी असणारच."

तिसऱ्या रांगेतल्या उझमाबाईंनी ते ऐकलं आणि दात आवळले. त्या गावातल्या शाळेत गणित शिकवायच्या. गेल्या वर्षी त्यांची धाकटी बहीण फलक ह्याच पाटासमोर बसली होती. तिला लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं. टोचून टोचून कंटाळली होती बिचारी. बाबांनी शनी जिंकला, तिनं इंजेक्शन पितळी ताटात ठेवलं आणि आठवडा व्हायच्या आत ती गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर उझमाबाईंनी भाच्याकडून तोच गेम मागून घेतला. त्यांना गेमची गोडी नव्हती. त्यांना महांतप्पाची मान पाहिजे होती, तीही चार लोकांत.

"पुढचा पेशंट!" बाबा ओरडले.

बलभीम नावाचा शेतकरी आपल्या पोरीला, शिवकन्येला घेऊन पुढं आला. पोरगी सातवीतली, काटकुळी, डोळे मोठे. तिलाही फलकचाच आजार. बलभीमनं खिशातली इन्सुलिनची बाटली काढली आणि ताटात इतर औषधांच्या पाकिटांवर ठेवली.

"ताटातलं औषध परत उचलायचं न्हाय. उचललं की ग्रह उलटला!" बाबांनी बजावलं. "आता फौज निघाली, पाच लाख!"

टीव्हीत यानं उतरली, जाळ उडाला, धूर झाला. गोळ्याखालचा बाराचा आकडा जाऊन दोन लाख उरले.

"शनीची माणसं कापली! आमचीपण तीन लाख पडली, दोनच उरली. आता मेलेली उठवतो!" बाबांनी डाव्या हातानं शिवकन्येवरून लिंबू उतरवलं. लोबानचा धूर दाटला. टीव्ही क्षणभर थबकला आणि आकडा बदलला: आठ लाख.

"दोनाचे आठ! पोरीचं आयुष्य चौपट! आता सुई कशाला?"

बायकांनी हात जोडले. बलभीमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या बहिणीचेपण आठच झाले होते." उझमाबाई उभ्या राहिल्या होत्या.

बाबांनी त्यांना ओळखलं. "तिची श्रद्धा कमी पडली असंल, बाई."

त्या शब्दासरशी उझमाबाईंच्या अंगाची लाही झाली. मेलेल्या पोरीवरच खापर! त्या माणसं ओलांडत पाटापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी घोंगडं ओढलं.

"सोडा! भस्म व्हाल!"

"होऊ द्या."

घोंगडं खाली पडलं. बाबांच्या मांडीवर गेमचं रिमोट होतं आणि उजवा अंगठा अजून बटणावरच होता. उझमाबाईंनी रिमोट हिसकावलं.

"हा शेजारचा गोळा. ह्याच्यावरपण बारा लाख माणसं. मी पाच लाख पाठवते." जाळ, धूर, दोन लाख. "बाबा मंत्र म्हणतात. मी शिव्या घालते. मुडद्या, तुझं वाटोळं होवो! तुझ्या फौजेला पटकी येवो!"

त्यांनी बटण दाबलं. आठ लाख.

आधी उत्कर्ष हसला, मग अख्खी शेड. महांतप्पाचं तोंड पडलेलं उझमाबाईंनी डोळे भरून बघितलं. वर्षभर ह्याच तोंडासाठी त्या जागल्या होत्या.

"कुणी उठलेलं न्हाय," त्या फळ्यावर शिकवावं तशा सांगू लागल्या. "लढाई झाली की गेम फक्त आपली वाचलेली दोन लाख दाखवतो. तिथल्या बारातली निम्मी मरतात, निम्मी शरण येतात. ती सहा लाख पुढच्या पाळीला आपल्यात मोजतो. दोन आणि सहा, आठ. पुढची पाळी आणायचं बटण ह्यांच्या अंगठ्याखाली. लिंबू तुम्ही तिकडं बघावं म्हणून."

"पण आकडा वाढला तर खरंच की," एक म्हातारी पुटपुटली.

"आजी, आता हे बघा." उझमाबाईंनी दुसरा गोळा समोर आणला, निळा. "फौज इथनं उचलली होती. बघा, इथली माणसं कमी झाली. हा गोळा बाबांनी तुम्हाला कधी दाखवला? माझी फलक ह्या न दाखवलेल्यांतली."

बलभीम वाकला. त्यानं ताटातली बाटली उचलली.

"बाई, ग्रह उलटला तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत न्हाय, बलभीमभाऊ. बाहेरनं द्यावंच लागतं. एवढंच खरं हाय. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय एक दिवसपण बंद करू नका."

बलभीमनं बाटली खिशात घातली. मग ती म्हातारी उठली, तिनं आपलं बीपीचं पाकीट शोधलं. मग दुसरी, तिसरी. महांतप्पा मागच्या दाराकडं सरकला, तर उत्कर्ष आणि चार पोरं दार अडवून उभी. कुणीतरी पोलिसांना फोन लावला होता.

"झालं का समाधान, बाई?" महांतप्पा दात खाऊन म्हणाला.

"न्हाय," उझमाबाई म्हणाल्या. "तुला फाशी झाली तरी होणार न्हाय." मग त्या लोकांकडं वळल्या. "ह्याचा अंगठा दिसायला मला बहीण द्यावी लागली. तुम्हाला फुकट दाखवला. उद्या दुसरा कुणी येईल, दुसरं घोंगडं घेऊन. तो आकडा वाढवून दाखवील, तवा हात जोडायच्या आधी त्याला विचारा, कुठनं आणलीस ही माणसं? आणि घोंगडं ओढून बघा."

ताट रिकामं झालं होतं. उझमाबाईंनी ते उचललं आणि पोलिसांना पुरावा म्हणून द्यायला काखेत घेतलं.