कुसुमताईंचा निंबोळीचा पंप

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पाच लिटरचा, हिरवा, खांद्याला अडकवायचा. सध्या उमरेडजवळच्या एका शेतात खुंटीला टांगलेला असतो. पण मित्रांनो, मी इथला नाही. मी लकडगंजच्या एका गच्चीवरचा.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. गरम प्लास्टिक, साचा, बस. नीट आठवतं ते इतवारीतलं दुकान. गणपतराव जवळच धान्याच्या दुकानात कामाला होते. एका संध्याकाळी त्यांनी मला गाडीच्या हँडलला अडकवून घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, चक्क मला हळदकुंकू लावलं. हसू नका. म्हणाल्या, "याच्यात कंपनीचं औषध नाही जाणार. फक्त माह्या हातचं."

आणि तसंच झालं. पाच वर्षं. पाव किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजायची, सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, त्यात थोडं रिठ्याचं पाणी. कधी आंबट ताक, कधी लसूण-मिरची. मिरचीच्या दिवशी माझी तोटी चोंदायची, मग ताई सुईने साफ करायच्या आणि मलाच रागवायच्या. उन्हं उतरली की आम्ही दोघं चाळीस कुंड्यांतून फिरायचो. वांगी, टमाटर, मिरच्या, चवळी. गल्लीतल्या बाया बाटल्या घेऊन अर्क मागायला यायच्या. ताई कोणालाच नाही म्हणायच्या नाहीत. त्यांची ऐट तेव्हा बघायला पाहिजे होती.

मागच्या राखीला ताई भावाकडे गेल्या. तेवढ्यात उमरेडहून विश्वनाथचा, म्हणजे धाकट्या दिराचा, फोन आला. त्याचा मोठा पंप बिघडला होता. गणपतरावांनी मला एसटीत घातलं आणि नेलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाजरगवत माजलं होतं. माझ्या पोटात पहिल्यांदा तणनाशक गेलं.

दुसऱ्या दिवशी परत आलो. गणपतरावांनी मला नळाखाली दोनदा धुतलं आणि खिळ्याला लटकवलं. ताईंना काही बोलले नाहीत. पण दोन पाण्यांनी ते जात नसतं. नळीत राहतं, रबरी वायसरमध्ये मुरतं.

आठवड्याने वांग्यावर मावा पडला. ताईंनी अर्क केला, माझ्यात भरला, दट्ट्या दाबला. पहिल्या दाबालाच मला कळलं. मी अडकून बसलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी तोटी साफ होती. चाळीसही कुंड्या झाल्या.

चार दिवसांत पानं वाकडी झाली, सुतासारखी बारीक पडली. टमाटर मान टाकून बसले. शेजारची दीपमाला वर आली आणि बघतच राहिली.

"काय झालं वं काकू हे?"

"काय माहीत! तुले बी त्याच बालटीतला दिला होता ना? तुही झाडं कशी हायेत?"

"माही तं मस्त हायेत. मी बाटलीच्या झाकणाले छेद पाडून मारला."

ताईंनी एक वाकडं पान खुडलं. म्हणाल्या, "म्हणजे अर्क बरोबर होता. माह्याच हाताले काही झालं असन."

गणपतराव दारातच चहा पीत उभे होते. त्यांनी ऐकलं. बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि खाली निघून गेले. मी खिळ्यावर होतो.

त्यानंतर ताईंनी निंबोळ्यांचा डबा कचऱ्याच्या गाडीत रिकामा केला. कुंड्या वाटून टाकल्या. बाया बाटल्या घेऊन आल्या की म्हणायच्या, "मले नाही जमत आता वं."

दिवाळीला विश्वनाथ आला. फराळ करता करता सहज बोलला, "वहिनी, तुमचा पंप लई कामी आला बरं. धुरा असा साफ झाला!"

ताईंच्या हातातला चकलीचा डबा तसाच राहिला. त्यांनी गणपतरावांकडे पाहिलं.

"दोनदा धुतला होता वं मी," गणपतराव म्हणाले.

"मी पंपाचं नाही विचारून राहिली. दोन महिने मी माह्या हाताले नावं ठेवून राहिली होती. तुम्ही आयकत होते."

गणपतरावांनी फराळाची ताटली बाजूला सारली.

विश्वनाथ निघाला तेव्हा ताईंनीच मला त्याच्या हातात दिलं. माझ्या पोटावर लाल रंगाने 'तण' लिहिलं. "याले आता झाडाजवळ नेऊ नका," म्हणाल्या. बरोबरच केलं. आता मी तेवढ्याच कामाचा.

परवा विश्वनाथ फोनवर कोणाला तरी सांगत होता, की वहिनीनं दोन कुंड्या परत मांडल्या. झाकणाला छेद पाडलेल्या बाटलीनं फवारते म्हणे. मला बरं वाटलं, आणि वाईटही.

मित्रांनो, घरच्या औषधाचं भांडं वेगळं ठेवा. त्यावर नाव लिहा. विषाचा पंप कितीही धुतला तरी भाजीवर नेऊ नका. आणि चुकून नेलाच, तर त्याच दिवशी सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं. गणपतरावांना येत होतं.