हाकेला ओ

मोरेनिके टीचर एकदा नाही म्हणाल्या की अख्ख्या इबादान शहरात त्या नाहीचं हो करणारा माणूस सापडत नसे. पण त्यांचे प्रकाशक अडिगुन म्हणजे घोरपड. चिकटले की चिकटले.

"टीचर, लागोसची कंपनी तुमचं पुस्तक आवाजात काढतेय. एकरकमी पैसे देताहेत. तिथला नट वाचेल, निम्मे तुम्ही घ्या, निम्मे मी. कटकट मिटली."

"निम्मे कशाचे? मी तुम्हाला कागदावर छापायला दिलं होतं. आवाज कधी दिला?"

"अहो, बकरी विकली की तिचं बेंबें पण गेलंच ना!"

"विकली कुठं? पाळायला दिली होती. करडं वाटून घ्यायचं ठरलं होतं, आणि त्यातली किती माझ्या दारात आली, ते मला विचारू नका."

अडिगुन हसले, पण ओशाळून. टीचरना रागाहून भीती जास्त वाटत होती. एकरकमी पैसे घ्यायचे, छप्पर दुरुस्त करायचं, की संपलं. मग आपली गोष्ट कुणी कितीही ऐको, आपण परक्या. म्हणून त्यांनी सरळ कंपनीलाच फोन लावला. तिथली तोमिलोला हुशार पोरगी होती. म्हणाली, "आंटी, तुम्हीच वाचत असाल तर नटाचे पैसे वाचतात. मग हक्क तुमचाच राहील, आणि प्रत्येक ऐकणाऱ्यामागे तुम्हाला वाटा देऊ. पण पहिलं प्रकरण आज संध्याकाळपर्यंत पाठवा. त्यात जीव नसेल तर मात्र नट, आणि एकरकमी."

एवढंच? आयुष्य वर्गात ओरडण्यात गेलेल्या बाईला वाचायची कसली भीती!

बोदिजा भागातल्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणारा लायी नावाचा जाडजूड माणूस होता. त्यानं पंखा बंद केला, दार लावलं, खूण केली. टीचरच्या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण सुरू होतं ते घरोघरी गोष्ट सुरू होते तसंच. त्यांनी खणखणीत हाक दिली, "आलॉ ओ!" आणि थांबल्या.

कुणीच उत्तर दिलं नाही. देणार कोण?

"थांबू नका, पुढं वाचा," लायी म्हणाला.

त्यांनी पुन्हा हाक दिली आणि पुन्हा थांबल्या. लहानपणापासून हाडात भिनलेलं होतं ते. सांगणाऱ्यानं हाक द्यायची, ऐकणाऱ्यांनी "आलॉ!" म्हणायचं. ओ आली नाही तर ऐकणारे झोपले म्हणायचं आणि कपडे झटकून उठायचं. त्यांची आई तशीच उठायची. आता त्या रेटून वाचू लागल्या, पण शब्द कोरडेच.

"टीचर, रागावू नका," लायी म्हणाला, "पण तुम्ही रेडिओवर मयताची बातमी दिल्यासारखं वाचताय."

इथंही चिकटून आलेल्या अडिगुननी काचेपलीकडे फोन हातात घेतला. "नटाला कळवू का?"

टीचर बाहेर पडल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते या माणसाला दाखवायचं नव्हतं. रस्त्यापलीकडे खानावळवाली इया सिकिरात गिऱ्हाइकांना अमाला, कंदाच्या पिठाची उकड, वाढत होती.

"तोंड का उतरलंय, टीचर?"

त्यांनी सगळं सांगितलं. इया सिकिरात पळी हातात घेऊन बघतच राहिली. "रिकाम्या खोलीला कुणी गोष्ट सांगतं का? एवढ्या शिकलात आणि माणसं न्यायची विसरलात?"

तिनं हात पुसले, जेवत्या गिऱ्हाइकांपैकी दोघींना उठवलं आणि स्टुडिओत घुसली.

"अहो, यांचा आवाज येईल!" लायी ओरडला.

"यायलाच हवा," टीचर म्हणाल्या. "दार उघडं ठेवा. जीव गुदमरतोय."

बायका दाटीवाटीनं बसल्या. लाल दिवा लागला.

"आलॉ ओ!"

आणि झालं काय, तर बाजार डोक्यावर घेणारी इया सिकिरात माइक बघून मुकी झाली. दुसऱ्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आलॉ!"

उत्तर दारातून आलं, ठसठशीत, पुरुषी. अडिगुन फोन कानाला लावून उभे होते. तोंडातून काय गेलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. त्यांच्या आतलं, आजीच्या अंगणात गोष्टी ऐकणारं पोर ओ देऊन बसलं होतं.

बायका खदखदून हसल्या. मग टीचरनी अशी गोष्ट सांगितली, की पुस्तकाचं पान उलटायचंही त्या विसरल्या. अडिगुननी फोन खिशात टाकला आणि उंबऱ्यातच बसले.

"साहेबांचा आवाज कापू का?" शेवटी लायीनं विचारलं.

"खबरदार!" टीचर म्हणाल्या.

"मग माझ्या शब्दाचा वाटा?" अडिगुन म्हणाले.

"एक ताट अमाला. एकरकमी."

अंधार पडायच्या आत तोमिलोलाचा होकार आला. हक्क टीचरकडेच राहिला.

पुढं सणाचा कपडा शिवायला त्या मोकोला बाजारात गेल्या. शिंपिणींच्या दुकानात यंत्रं खडखडत होती आणि फोनवर कुणाचीतरी गोष्ट चालू होती. टीचर दारातच थबकल्या. आवाज त्यांचाच होता.

"आलॉ ओ!"

यंत्रं थांबली. सगळ्या शिंपिणींनी मान वर न करता एका सुरात ओ दिली, आणि त्यांच्या मागोमाग, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच हाकेला, मोरेनिके टीचरनीही.