हरवलं-सापडलं विभागातली खिडकी

मी खिडकी बोलतेय. गज, कडी, वारा यांतलं माझ्याकडे काही नाही, कारण मी संगणकाच्या पडद्यावरची खिडकी आहे. वर नावाची पट्टी, कोपऱ्यात बंद करायची फुली, आणि पट्टी धरून ओढलं की मी सरकते. एका मोठ्या बसस्थानकाच्या तळमजल्यावर हरवलं-सापडलं विभाग आहे. तिथे मी नोकरीला.

मला घडवलं एका प्रोग्रामरने. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी थेट संगणकात बसवायचे प्रोग्राम लिहिण्यात घालवलेली. विभागाचं काम आता ब्राउझरमध्ये चालणार असं ठरलं, तेव्हा जुन्या घरातलं सामान आणावं तसं त्यांनी आम्हा खिडक्यांनाही सोबत आणलं. त्यांच्या शेजारच्या टेबलावरची डिझायनर त्यांच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, ब्राउझर स्वतःच एक खिडकी आहे. तिच्या पोटात आणखी खिडक्या कशाला? लोक एक पान बघतात, मग दुसऱ्यावर जातात."

"जात असतील. पण तिथल्या मावशी दोन गोष्टी समोरासमोर ठेवून बघतात. मी जाऊन बघून आलोय."

कुणाची तरी गरज बघून आपल्याला घडवलंय, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

मावशी म्हणजे विभागातल्या सगळ्यात जुन्या कारकून. त्यांच्या पाठीमागे छतापर्यंत रॅक. छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट, एक कुबडी. कुबडी विसरून माणूस चालत गेला कसा, हा प्रश्न त्यांना अकरा वर्षं पडलेला. डावीकडच्या खिडकीत त्या हरवल्याची तक्रार ठेवायच्या, उजवीकडच्या खिडकीत सापडलेल्या वस्तूची नोंद. दोन्ही खिडक्या अगदी काठाला काठ लावून. डावीकडची मी. अशी मजेत माझी दोन वर्षं गेली.

पण विभागात मावशींच्या शेजारच्या टेबलावर साहेब होते, आणि तिथे आमचा नुसता पसारा. ते चौदा-पंधरा खिडक्या उघडायचे, एकीवर एक. मग "आत्ता इथे होती, गेली कुठे?" म्हणत शोधायचे आणि वैतागून सगळ्या बंद करायचे. मोबाइलवर तर माझी अर्धी बाजू पडद्याबाहेर जायची, फुलीसकट. मला बंदही करता येत नसे.

एके दिवशी साहेबांकडे एक आजोबा आले. त्यांची एक वही बसमध्ये राहिली होती. आजारपणानंतर त्यांच्या बायकोची वाचा गेली होती. आजोबांनी मासिकांतली चित्रं कापून वहीत चिकटवली होती, पाणी, पलंग, चष्मा, मुलगी, डॉक्टर. आजी चित्रावर बोट ठेवायच्या आणि बोलायच्या.

"तिचं सगळं बोलणं त्या वहीत आहे हो," आजोबा म्हणाले.

साहेबांनी तक्रार माझ्यात लिहायला घेतली. अर्ध्यात फोन वाजला. माझ्यावर दुसरी खिडकी आली, तिसरी आली. फोन संपल्यावर साहेबांना वाटलं, लिहून झालंय. आजोबांना त्यांनी "कळवतो" म्हणून सांगितलं आणि सगळ्या खिडक्या एकदम मिटल्या.

आठ दिवसांनी आजोबा परत आले. तक्रार नव्हतीच. साहेबांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. पण ती तक्रार गेली होती माझ्याच पोटातून.

हे कळल्यावर डिझायनर संतापली नाही, पण ठाम बोलली. "माणसाने लिहिलेलं झाकून ठेवणारी गोष्ट मला नको." तिचं बरोबरच होतं. आम्हाला काढलं आणि एकामागून एक उघडणारी साधी पानं आली. साहेबांचं काम खरंच सोपं झालं.

माझा कोड काकांनी पुसला नव्हता, नुसता बाजूला ठेवला होता. पुढचं मला काका आणि डिझायनर यांच्या बोलण्यातून कळलं.

आजोबांची तक्रार मावशींनी नव्याने लिहून घेतली. "निळं कव्हर, आत चित्रं." सोबत घरचा एक फोटो, आजींच्या मांडीवर वही. मावशी रोज सापडलेल्या वस्तूंची पानं चाळत होत्या. निळं कव्हर कुठेच नव्हतं. नवी पानं कशी चालतात हे बघायला डिझायनर दिवसभर त्यांच्या शेजारी बसली, तेव्हा तिला मावशींचा शाईने भरलेला डावा तळहात दिसला.

"हे काय, मावशी?"

"अगं, तक्रारीच्या पानावरून वस्तूंच्या पानावर जाईपर्यंत विसरते मी. म्हणून खुणा लिहून घेते. पण या आजोबांचा फोटो आहे. फोटो काही हातावर लिहिता येत नाही."

डिझायनरने तो तळहात पुन्हा एकदा वाचला. मग तिने काकांना फोन केला. "काका, ती खिडकी पुसली नाहीत ना?"

"मन झालं नाही."

दोघांनी मिळून मला परत उभं केलं, पण नव्या रीतीने. आता आम्ही दोनच खिडक्या, मी डावीकडे, दुसरी उजवीकडे. एकीला दुसरीवर चढता येत नाही. लिहिलेलं आपोआप जपलं जातं. मोबाइलवर आम्ही जातच नाही, तिथे साधं पान. साहेबांकडेही नाही. आम्ही फक्त मावशींच्या जुळणीच्या कामापुरत्या.

पहिल्याच सकाळी मावशींनी आजींचा फोटो माझ्यात उघडला आणि उजवीकडे एकेक नोंद बघत गेल्या. "लहान मुलांची चिकटवही, कव्हर नाही" यावर त्या थांबल्या. या नोंदीवरून त्या चार वेळा पुढे गेल्या होत्या. मला ओढून त्यांनी आणखी जवळ घेतलं. आजींच्या मांडीवरची वही बुटाच्या तपकिरी नाडीने शिवलेली होती, दोन गाठी मारून. उजवीकडच्या नोंदीतल्या फोटोतही तपकिरी नाडी. दोन गाठी.

मावशी उठल्या त्या थेट रॅककडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबा आजींना घेऊन आले. आजींनी वही मांडीवर घेतली, पानं उलटली, आणि एका चित्रावर बोट ठेवून मावशींकडे बघितलं. पाण्याचा पेला होता. मावशी धावत जाऊन पाणी घेऊन आल्या. आजींनी सावकाश, सगळा पेला संपवला. आजोबा म्हणाले, "इतके दिवस मी अंदाजानेच देत होतो."

माझं आता एवढंच आहे, एक टेबल आणि एक काम. मला घडवणाऱ्या काकांची मी ऋणी आहे, आणि मला काढून टाकणाऱ्या त्या मुलीचीही तितकीच, कारण परत आणताना तिने मला माझी जागा दिली. तुम्ही कुणासाठी असं काही बांधणार असाल, तर आधी त्या माणसाशेजारी एक दिवस बसा. मग आम्हाला ठेवायचं की काढायचं ते ठरवा. आम्ही रागावणार नाही.

येते मी. मावशी जेवून आल्यात. डावीकडे एक हिरवी छत्री उघडलीय, आणि उजवीकडे हिरव्या छत्र्या एकोणीस आहेत.