बाबांचं शेवटचं वाक्य

शेवटी शेवटी बाबांचं बोलणं बंदच झालं होतं. सुविधा नोकरीवरून रजा घेऊन डिचोलीच्या घरी त्यांच्या उशाशी बसून होती. ती औषधं आणायला बाजारात गेली आणि नेमके तेव्हाच ते बोलले. अख्खं वाक्य, तेही तिच्यासाठी. संध्याकाळी ते गेले. ऐकायला होता तो फक्त धाकटा भाऊ. हरमलला पर्यटकांना खोल्या देणारा गौरेश तेव्हा परसात गांजा ओढून नुकताच आत आला होता. बाबा ताईसाठी काहीतरी बोलले, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

"ताई, तुझी शपथ, बाबांचा तोंड हालताना दिसता. शब्द नाय येत."

"पंख्याचा आवाज आठवता, चादरीचो रंग आठवता, आणि तेवढाच नाय?"

"माका काय हौस आसा?"

सुविधाने त्यावर मिळेल ते वाचून काढलं होतं. गांजाच्या अमलात मेंदू ऐकतो, पण ऐकलेलं ठेवून घेत नाही. म्हणजे ते वाक्य हरवलंही नव्हतं, कुठे ठेवलंच गेलं नव्हतं. हरवलेलं निदान शोधता तरी येतं.

पण आणखी एक गोष्ट तिने वाचली होती. नशेत ऐकलेलं कधीकधी पुन्हा तशाच नशेत आठवतं. 'कधीकधी'वर ती थांबली नव्हती.

"ओढ," ती म्हणाली.

"मी सोडलंय गो. बाबांच्या चितेसमोर. तूच पुडी फेकून दिलंस मां?"

"आजच्यापुरता. माझ्यासाठी."

तो हरमलला जाऊन पुडी घेऊन आला. बाबांच्या रिकाम्या खाटेशेजारी त्या दिवशी बसला होता त्याच खुर्चीवर त्याने सिगरेट वळली. खोलीत तो उग्र वास भरला. आयुष्यभर जिची तिला तिडीक आली, ती वस्तू ती आज काडी ओढून पेटवून देत होती.

त्याचे डोळे जड झाले. मग तो एकदम ताठ बसला.

"बाबा म्हणाले, सुविधाक सांग, काळजी करू नको."

ती खुर्चीजवळ सरकली. "परत सांग."

"सुविधाक सांग... खूप केलंस म्हणून."

"आता वेगळा सांगतंस!"

"मी येवपर्यंत थांब, असा कायतरी..." तो हसायला लागला. "मी काय सांगी होतंय?"

बाबांनी तिला जन्मात कधी सुविधा म्हणून हाक मारली नव्हती. बायो म्हणायचे. तो बिचारा तिला बरं वाटेल असं काहीतरी जुळवत होता.

"पुरे," असं ती म्हणणार होती.

"ताई, जवळ इलला. जिभेवर आसा. आणखी एक ओढतंय हां?" त्याचा हात पुडीकडे गेलाही होता.

सुविधा त्याच्या ओठांकडे बघत राहिली. तिला नाही म्हणता येईना.