इंचाला दहा टाके

त्या घरातल्या सासूला सगळे मास्तरीण म्हणायचे. शिवणकामाच्या कारखान्यात तीस वर्षं काढल्यावर हे नाव तिला चिकटलं होतं, आणि ते तिला आवडायचंही. इंचाला दहा टाके, ना नऊ ना अकरा. काम सुटलं तरी बाई स्वस्थ बसणारी नव्हती. चिंध्यांचं गाठोडं खिडकीपाशी ओतून तिने हाताने गोधडी जोडायचे नाना प्रकार करून पाहिले. आधी साधे चौकोन. मग त्रिकोण, पण तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं, म्हणून त्यांना शिव्या घालून झाल्या. मग षटकोन. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे तुकडे कापायचे, त्यांवर कापड दुमडून कच्चा दोरा घालायचा आणि कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचं. यात मात्र ती रमली. सुनेलाही तिने शेजारी बसवून शिकवलं.

याच सुमारास रक्तातल्या साखरेने तिचे डोळे धरले. पडद्याला सूज आहे, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूज वाढली तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आणि वेळेवर दिलं नाही तर गेलेली नजर परत येत नाही, तेव्हा दर महिन्याला दाखवा. मास्तरणीच्या पायाखालची जमीन सरकली. आयुष्यभर सुईवर जगलेली बाई, पण सुई दुसऱ्याच्या हातात दिसली की तिला घाम फुटायचा. घरी येताना तिने मुलाला बजावलं, "दर महिन्याचे हे खेटे नकोत. माझा टाका चुकला की समज, नजर गेली. त्या दिवशी घेऊन चल, मी हूं की चूं करणार नाही." मुलगा आईच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि भित्रेपणात तर तिच्याही वरताण. दोघांची अळीमिळी गुपचिळी झाली. सुनेला कुणी काही सांगितलं नाही. तिने वेळेवर गोळ्या द्यायच्या, एवढाच तिचा अधिकार.

पुढे एका दुपारी सासूबाई झोपल्या असताना सून पसारा आवरत होती. एक षटकोन हातात आला आणि तिने टाके मोजले. इंचात सहा टाके. त्यातला एक तर कापड सोडून नुसता कागदातून गेलेला. हात थकला म्हातारीचा, तिला वाटलं. हे कळलं तर सुई टाकून भिंतीकडे बघत बसेल. तिने ती कड उसवली, पुन्हा जोडली आणि सासू उठायच्या आत जागेवर ठेवली.

संध्याकाळी मास्तरीण अंगठ्याचं नख टाक्यांवरून फिरवत मोजायची. "दहा! आहे का कुणाची टाप?"

"तुझा हात म्हणजे हात, आई," मुलगा म्हणायचा, आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा.

सुनेला वाटायचं, तो आईचं कौतुक करतोय. ती ओट्याशी उभी राहून गालातल्या गालात हसायची. खोटं कशाला बोला, तिला थोडा अभिमानही वाटायचा. सकाळी सगळ्या सुयांत दोरा ओवून ठेवायचा, दुपारी उसवायचं, पुन्हा जोडायचं, असं चार महिने चाललं. मधूनमधून सासू म्हणायची, "धुकं धुकं वाटतंय गं. दिवा बदला तो." दिवा दोनदा बदलला.

मग एका सकाळी सून चहा घेऊन समोर उभी राहिली, तर सासूने कप घेतलाच नाही.

"तुझ्या तोंडाच्या जागी ते काळं काय आहे?"

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. कडेकडेने थोडं दिसत राहील, म्हणाल्या, मधली नजर आता येणार नाही. चार महिन्यांपूर्वी आणायला काय झालं होतं?

"पण टाके बरोबर होते!" मुलगा जवळजवळ ओरडलाच. "टाका चुकला की आणायचं ठरलं होतं आमचं. मी रोज मोजणी ऐकत होतो हो!"

सुनेने हे पहिल्यांदा ऐकलं. गप्प बसली असती तर जन्मात कुणाला कळलं नसतं. मुलगा औषधं आणायला गेला आणि बाहेरच्या बाकावर दोघीच उरल्या.

"आई, ते टाके माझे होते."

मास्तरीण वळली नाही. "कधीपासून?"

"चार महिने झाले. तुम्ही झोपल्यावर उसवायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं, आई." हे खरं होतं आणि त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

"डोळे सांगत होते मला," मास्तरीण म्हणाली. "मी म्हटलं, खोटं बोलतायत."

दुसऱ्या दिवशी ती खिडकीपाशी जाऊन बसली आणि चाचपून तिने दोन षटकोन उचलले. "सुई दे ओवून." सुनेने दिली. पहिला टाका बोटात गेला. रक्त पुसून तिने दुसरा घातला, तो कापडाबाहेर पडला. सुनेचा हात आपोआप पुढे आला.

"हात मागे घे," मास्तरीण म्हणाली. "यातलं काही उसवायचं नाही. आणि उठून जायचं नाही. बस इथे. बघ."

सून बसली. पूर्ण कड जोडून होईपर्यंत ती बघत राहिली.