दत्तरावांची ड्यूटी

कासाबाई बायकांच्या बाथरूममधून बाहेर आल्या, तर बाकड्यावर दत्तराव नव्हते.

त्यांना आत जरा उशीरच झाला होता. कडी लावल्यावर त्या उगीच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी हाक मारत नव्हतं. परभणीच्या डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, “यांची स्मरणशक्ती आता परत यायची नाही. एकटं सोडू नका.” येलदरीच्या बसला अवकाश होता. बाहेर ऊन रखरखत होतं, म्हणून त्या नवऱ्याला घेऊन या अंतराळ संग्रहालयात शिरल्या. येलदरीच्या वीजघरात अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर असलेला माणूस; यंत्रं बघून तेवढंच बरं वाटेल, असं त्यांच्या मनात आलं होतं.

“इथं बसलेले मालक बघितले का हो? पांढरा सदरा, टोपी?”

तिकीटवाल्याने नाही म्हणून मान हलवली. रॉकेटच्या खाली, चंद्राच्या गोळ्यामागे, तारे दाखवायच्या काळोख्या घुमटात त्या “अहो, अहो” करत धावल्या. नवऱ्याचं नाव घ्यायची सवयच नव्हती. शेवटी फाटकाशी येऊन, रस्त्यावरचे भरधाव ट्रक पाहून, त्या आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या, “दत्तराव!”

वरच्या मजल्यावर हशा पिकला. त्या तशाच जिन्याकडे पळाल्या.

वर, यान सोडतात त्या खोलीची हुबेहूब मांडणी केली होती. दोरी ओलांडून दत्तराव खुर्चीत ताठ बसले होते. नजर समोरच्या दिव्यांवर, बोटं बटणांवर. सहलीला आलेल्या कॉलेजच्या मुली मोबाइल धरून हसत होत्या. रखवालदार बन्सीधर दत्तरावांचा दंड ओढत होता.

“हात सोड! दोन नंबरचं मशीन गरम व्हायलंय. खाली नदीत मानसं हायती!”

“अहो, चला घरी,” कासाबाई काकुळतीला आल्या.

दत्तरावांनी वळून पाहिलं. डोळ्यांत ओळख कुठेच नव्हती. “तुमी कोण बाई? इथं परवानगी न्हाई. पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याबिगर मी उठत नसतो.”

“मीच हाय की रिलिव्हर,” बन्सीधर म्हणाला.

“मग सांग, मशीनचं पाणी कुठून बंद करतेत?”

बन्सीधरने नुसताच पुन्हा दंड धरला. दत्तरावांनी त्याला असं ढकललं की तो भिंतीवर आदळला. “मावशी, आता पोलीस बोलवावे लागतील,” तो कोपर चोळत म्हणाला.

कासाबाईंना रडू फुटत होतं. नोकरी नवी होती तेव्हा दत्तराव त्यांना समोर बसवून ड्यूटी बदलताना पुढचा माणूस विचारतो ते सवाल विचारायला लावायचे आणि स्वतः उत्तरं घोकायचे. त्या दोरीच्या आत गेल्या.

“सगळी मशीन चालू?”

दत्तराव सावरून बसले. “चालू.”

“पाण्याची पातळी?”

“बराबर.”

“काही तक्रार?”

“दोन नंबर जरा गरम हाय.”

“चार्ज घेतला,” कासाबाई म्हणाल्या.

दत्तराव सुटल्यासारखे उठले. “ध्यान ठेवा बाई. निघतो मी. बायको जेवायची थांबली असंल.”

मुलींचं हसू थांबलं होतं. जिन्यात कासाबाई हात धरायला गेल्या, तर त्यांनी झटकला. “लोक काय म्हनतील?” मग त्या दोन पावलं मागून चालत राहिल्या, पार स्टँडपर्यंत.

येलदरीच्या बसमध्ये दत्तरावांनी शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. “जागा धरलीय. माझी बायको यायलीय.” कासाबाई दांडी धरून उभ्या राहिल्या. झरी गाव मागे गेलं. एका म्हाताऱ्याने बसू का विचारलं, त्यालाही दत्तरावांनी हुसकावलं. दारातून कुणी चढलं की मान उंचावून बघत.

बोरी जवळ आली तेव्हा त्यांचा डोळा लागला. कासाबाईंनी हलकेच रुमाल उचलला आणि त्या अंग चोरून सीटच्या काठावर टेकल्या.